चेहरा पाहून लिहू नका

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या एका मोठ्या रुग्णालयात 2012 साली मी नोंदणीच्या खिडकीवर कामाला लागले. पहिल्या आठवड्यात शिकवलेली एक गोष्ट अजून अंगात मुरलेली आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता विचारून झाला की येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचा: ‘तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर वंशाचे आहात का?’ हे दोन्ही या देशाचे मूळ रहिवासी समाज. गोऱ्या माणसाला विचारायचा, चिनी माणसाला विचारायचा, माझ्यासारखी भारतीय बाई आली तर तिलाही विचारायचा. चेहरा पाहून लिहू नका, असं शिकवणाऱ्या बाईंनी दोनदा बजावलं होतं.

तिसऱ्याच आठवड्यात मी चेहरा पाहून लिहिलं. तांबूस केस, निळे डोळे, खांद्यावर झोपलेलं बाळ. रांग लांब होती. मी न विचारताच ‘नाही’च्या चौकटीत खूण केली आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. तिने तो खालपर्यंत वाचला, पेन मागून घेतलं, माझी खूण खोडली आणि ‘होय, ॲबोरिजिनल’वर स्वतःची केली. कागद परत देताना शांतपणे म्हणाली, ‘माझ्या आजीबद्दलही असंच कुणीतरी न विचारता लिहिलं होतं.’

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला काही वर्षं लागली. पण मी का विचारलं नाही, हे मात्र त्याच रात्री कळलं. आपल्याकडे हा प्रश्न कुणी थेट विचारत नाही. ‘आडनाव काय?’ विचारतात. त्यावरून नाही कळलं तर ‘मूळ गाव कोणतं?’, ‘कुठले पाटील?’, ‘कुलदैवत कोणतं?’ उत्तरं मिळेपर्यंत समोरच्याच्या मनातला रकाना भरून झालेला असतो. परतवाड्याला वाढताना मीही ही विद्या शिकले होते. न विचारता लिहायची सवय घेऊनच मी या देशात आले होते.

हे आज लिहायचं कारण आमच्या शाळेच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या गटात चाललेला वाद. 30 एप्रिल 2025 ला केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं, तेव्हापासून तो थांबलेला नाही. सगळ्या जातींची गणना होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे 1931 साली. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली, पण त्या रकान्याचे आकडे बाहेर आलेच नाहीत. गटातल्या एका बाजूचं म्हणणं, मोजलं की जात आणखी घट्ट होईल. दुसरी बाजू म्हणते, एकदा आकडा समोर आला की न्याय कुणाला नाकारता येणार नाही. मधूनच मला विचारतात, ‘अगं, तिकडे तर आदिवासींचं सगळं मोजतात ना? मग काय झालं?’ प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

इथे 1967 पर्यंत राज्यघटनेत कलम 127 होतं. देशाची किंवा राज्याची लोकसंख्या काढताना ॲबोरिजिनल रहिवाशांना धरू नये, असं ते स्पष्ट म्हणत होतं. 27 मे 1967 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी ते काढायला होकार दिला, आणि 1971 च्या जनगणनेत हे लोक पहिल्यांदा देशाच्या बेरजेत आले. ज्या भूमीवर ते साठ हजारांच्या आसपास वर्षं राहत आहेत, तिथल्या बेरजेत.

म्हणजे त्याआधी त्यांची कुठे नोंदच नव्हती, असं मात्र नाही. नोंद कसून होत होती. बहुतेक राज्यांत ‘संरक्षक’ नावाचे अधिकारी किंवा मंडळं होती, त्यांच्या नोंदवह्या होत्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 1905 च्या कायद्याने तर मुख्य संरक्षक हाच प्रत्येक ॲबोरिजिनल मुलाचा सोळा वर्षांपर्यंत कायदेशीर पालक ठरला, आईबाप जिवंत असले तरी. वहीत रक्ताचे हिस्से लिहिलेले असत: पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश. अर्ध्याला सरकारी शब्द होता ‘हाफ-कास्ट’. हा ‘कास्ट’ म्हणजे आपलाच शब्द. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरून आपल्या समाजाला लावलेला, इंग्रजांनी उचललेला आणि जगभर नेलेला. त्या वहीवरून ठरत होतं की कुठलं मूल आईपासून तोडून संस्थेत न्यायचं. त्या ‘चोरलेल्या पिढ्यां’बद्दलचा राष्ट्रीय चौकशी अहवाल 1997 मध्ये आला, आणि 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. खिडकीवरच्या त्या बाईची आजी कुठल्या रकान्यात लिहिली गेली होती, ते मला ठाऊक नाही. पण ती न विचारता लिहिली गेली होती, एवढं तिच्या नातीला पक्कं माहीत होतं.

आपल्याकडच्या पारधी, कैकाडी कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. 1871 मध्ये उत्तर भारतात आलेल्या आणि पुढे आपल्याकडेही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांचीही नोंद चोख होत होती. पोलिसांकडे हजेरी होती, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. 1952 मध्ये कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले, आणि त्यानंतर ते किती आहेत, कुठे आहेत, त्यांची मुलं शाळेत टिकतात का, हे नीट मोजायला कुणी फिरकलं नाही. पाळत ठेवायची होती तोवर नोंद होती, देणं द्यायची वेळ आली तेव्हा ती थांबली. म्हणून ‘मोजल्याने जात घट्ट होते’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी विचारते: इतकी वर्षं मोजली नाही, तर सैल झाली का? आडनाव विचारणं थांबलं का?

आता दुसऱ्या बाजूकडे येते. आकडा आला की न्याय आला, या विश्वासाबद्दल मला इथे सर्वांत मोठा धक्का दिला तो एका आकड्यानेच.

या देशात बरीच वर्षं सांगितलं जात होतं की ॲबोरिजिनल माणूस इतरांपेक्षा 17 वर्षं कमी जगतो. पुरुषांचं आयुर्मान 59, बायकांचं 65. मग 2009 मध्ये सांख्यिकी विभागाने नवे आकडे काढले: पुरुष सुमारे 67, बायका सुमारे 73. दरी एकदम साडेअकरा आणि पावणेदहा वर्षांवर आली. वाळवंटातल्या वस्तीत कुणी एक दिवसही जास्त जगलं नव्हतं. बदलली होती ती मोजायची रीत.

कसं, ते थोडं उलगडून सांगते, कारण गाठ इथेच आहे. आयुर्मान काढायला दोन गोष्टी लागतात: लोक किती आणि मृत्यू किती. लोक किती हे जनगणनेतून येतं. तिथे माणूस स्वतः सांगतो, मी ॲबोरिजिनल आहे. मृत्यूचा कागद मात्र अंत्यविधी करणारा माणूस भरतो. नातेवाईक रडत बसलेले असतात, तो तोच प्रश्न विचारायला संकोचतो, रकाना कोरा राहतो किंवा ‘नाही’ होतो. म्हणजे एकच माणूस जगताना ॲबोरिजिनल आणि मेल्यावर नाही. असे मृत्यू गळाले तर समाज आहे त्यापेक्षा दीर्घायुषी दिसणार. हे ठाऊक असल्यामुळे आधी अंदाजांवर अंदाज रचून आकडा काढत, आणि तो फार खाली जाई. नव्या रीतीत मृत्यूची नोंद त्याच माणसाच्या 2006 च्या जनगणनेतल्या नोंदीशी जुळवून पाहिली. तेव्हा कुठे आकडा जमिनीवर आला. 2020 ते 2022 या काळाचं गणित सांगतं, पुरुष 71.9, बायका 75.6, दरी 8.8 आणि 8.1 वर्षं. दूरच्या वस्त्यांमधले पुरुष 67.3. रीत सुधारली तरी दरी आहेच, आणि ती फार मोठी आहे.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बाबांची नोंदवही आठवली. बाबा चिखलदरा तालुक्यात ग्रामसेवक होते. जन्ममृत्यूची नोंद त्यांच्याकडे. नव्वदच्या दशकात दर पावसाळ्यात मेळघाटच्या बालमृत्यूंची बातमी यायची, मग मंत्र्यांच्या गाड्या परतवाड्यावरून वर घाटात जायच्या, आणि दोन दिवस एकच वाद चालायचा: मूल कुपोषणाने गेलं की न्यूमोनियाने? जणू पोटभर खाल्लेल्या बाळाला आणि उपाशी बाळाला न्यूमोनिया सारखाच झेपतो. बाबा घरी येऊन वेगळंच सांगायचे. बाळंतीण माहेरी गेलेली, बाळ तिथे चौथ्या दिवशी गेलं. माहेरच्या गावात जन्म नोंदला नाही, सासरच्या गावात कुणी विचारलं नाही. कुठे बारशाआधी गेलेलं बाळ ‘उपजत मृत’ म्हणून लिहून मोकळे. जन्मच वहीत नाही, तर मृत्यू कुठून येणार? बेरीज कशातही चुकत नव्हती, कारण ते मूल वरही नव्हतं आणि खालीही नव्हतं.

याच प्रश्नावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जे केलं, त्याचं मोल मला इथे आल्यावर जास्त कळलं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातच लिहिला जाऊ लागला, आणि लिहिणाऱ्या बाईच्याच पिशवीत नवजात बाळाला वाचवायची साधनंही होती. 39 गावांत तीन वर्षांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. मोजणारी आणि वाचवणारी बाई एकच होती, ही या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट.

अगदी हेच सूत्र मला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात सापडलं, आणि तिथे थोडं थांबणार आहे. आमच्या राज्याच्या वायव्य कोपऱ्यात अनंगू लोकांचा मुलूख आहे. तिथल्या आरोग्य मंडळाचे प्रमुख होते यामी लेस्टर, यांकुनिचाचारा समाजाचे, दृष्टी गेलेले. 1953 मध्ये ब्रिटिशांनी एमू फील्डला केलेल्या अणुचाचणीनंतर आलेल्या काळ्या धुक्याने आपले डोळे गेले, असं ते सांगत. दवाखाने चांगले चालूनही मुलं पुन्हा पुन्हा आजारी का पडतात, याचा छडा लावायला त्यांनी तिघांना सांगितलं: वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस, डॉक्टर पॉल टोरझिलो आणि पर्यावरण आरोग्याचे जाणकार स्टीफन रेनो. 1987 मध्ये त्यांचा अहवाल आला. तोवर सगळे मोजत होते की लोक आंघोळ करतात का, कपडे धुतात का, मुलांना स्वच्छ ठेवतात का. या तिघांनी नळ मोजले. नळाला पाणी येतं का? गरम येतं का? सांडपाणी वाहून जातं का? विजेचं बटण दाबल्यावर धक्का बसतो का? लहान मुलाला आंघोळ घालता येईल असं न्हाणीघर किती घरांत चालू आहे?

फार थोड्या घरांत चालू होतं. पुढे याच कामातून देशभर हजारो घरं तपासली गेली, तेव्हा बिघाडांमागची कारणंही लिहिली गेली. राहणाऱ्यांनी नासधूस केल्यामुळे झालेले बिघाड दहा टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळे निकृष्ट बांधकाम आणि कधीच न झालेली देखभाल. ‘या लोकांना घरं द्या, ते मोडून टाकतात’ हे वाक्य मी इथे चहाच्या टेबलावर ऐकलेलं आहे. आपल्याकडे ‘यांना शौचालय बांधून द्या, त्यात लाकडं भरतात’ हे वाक्यही ऐकलेलं आहे. पाणी कुठून आणायचं, ते त्या शौचालयाच्या कागदावर कुणी लिहिलेलं नसतं.

त्या चमूचा एक नियम मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावला आहे: सेवेशिवाय पाहणी नाही. घरात तपासायला शिरलात की हत्यारांची पेटी बरोबर हवी, आणि पहिल्याच दिवशी दुरुस्ती सुरू झाली पाहिजे. तपासणाऱ्यांत बहुसंख्य त्या वस्तीतलेच लोक असत. जो प्रश्न विचारतो तो त्याच क्षणी त्या घराचा ऋणी होतो, असं मी त्यातून शिकले. जानेवारी 2024 मध्ये आपल्या राज्यात मागासवर्ग आयोगासाठी घरोघर पाहणी झाली. शिक्षक आणि कर्मचारी मोबाइल घेऊन अवघ्या काही दिवसांत लाखो उंबऱ्यांवर गेले, शंभराहून जास्त प्रश्न विचारले. मला त्यातल्या निष्कर्षांवर इथे बोलायचं नाही. ज्या घराने ‘आमच्याकडे पाणी नाही’ असं सांगितलं, त्या घराचं पुढे काय झालं, एवढंच कुणीतरी मला सांगावं असं वाटतं.

मापं कुणाची, हाही मोठा प्रश्न आहे. इथे घरात गर्दी आहे की नाही हे ठरवायला कॅनडात बनलेलं माप वापरतात. एका खोलीत दोनापेक्षा जास्त माणसं नकोत, अठरा वर्षांवरच्या एकट्याला स्वतंत्र खोली हवी, पाच वर्षांवरचे भाऊ-बहीण एका खोलीत नकोत. या मापाने आमचं परतवाड्याचं दोन खोल्यांचं, सहा माणसांचं घर सपशेल नापास. गिरगाव-लालबागच्या चाळींत वाढलेला अर्धा मराठी मध्यमवर्ग नापास. ॲबोरिजिनल अभ्यासक म्हणतात की मावश्या, चुलते, आज्या एका छताखाली असणं ही आमच्याकडे उणीव नसून आधार आहे, आणि मला ते आतून पटतं. पण अर्धंच. कारण त्याच दाटीत घशातला आणि त्वचेवरचा स्ट्रेप्टोकॉकस एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यातून ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि हृदयाची झडप कायमची निकामी होते. दूरच्या वस्त्यांमध्ये या रोगाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे, आणि शहरातल्या गोऱ्या मुलांत तो जवळपास संपलेला आहे. जंतूला संस्कृती कळत नाही. नाती कमी न करता खोल्या वाढवा, नळ वाढवा, असं मापाने सांगायला हवं. आजचं माप फक्त ‘गर्दी’ म्हणून थांबतं.

तीच गोष्ट सरासरीची. इथला गरिबीचा प्रसिद्ध निर्देशांक माणसाचा नसून विभागाचा असतो. त्या भागातल्या सगळ्यांचं उत्पन्न, शिक्षण, रोजगार यांची गोळाबेरीज. सिडनीच्या रेडफर्नमध्ये 1971 मध्ये देशातला पहिला ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेला दवाखाना उभा राहिला. आज तिथे घरांच्या किमती आकाशाला भिडल्या आहेत, आणि नव्या श्रीमंत शेजाऱ्यांच्या सरासरीत जुनी कुटुंबं दिसेनाशी होतात. म्हणून निकोलस बिडल यांच्यासारख्या संशोधकांनी फक्त ॲबोरिजिनल रहिवाशांच्या आकड्यांवरून वेगळा निर्देशांक बांधला. आपल्या मंडल आयोगाने उलट वाट घेतली होती. अकरा निकष, 22 गुण. सामाजिक निकषांना प्रत्येकी तीन, शैक्षणिकांना दोन, आर्थिकांना एक. विभाग बाजूला, जात हेच एकक. मला मंडलची ती मांडणी आजही धाडसी वाटते, कारण पैसा आला तरी अपमान जात नाही, हे तिने गुणांत लिहून ठेवलं. पण त्यानंतर आपल्याकडे मागासलेपण ही सिद्ध करायची परीक्षा झाली. ठरलेल्या वर्षापूर्वीचा कागद आणा, आजोबांचा शाळेचा दाखला आणा, पडताळणी समितीपुढे उभे राहा. ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, त्याने कुठून आणावा? इथे जनगणनेत ॲबोरिजिनल असल्याचा पुरावा मागत नाहीत. सांगितलं की लिहिलं.

त्याचीही किंमत आहे, ती लपवणार नाही. 2016 ते 2021 या पाच वर्षांत स्वतःला ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर सांगणाऱ्यांची संख्या 25 टक्क्यांनी वाढून 8,12,728 झाली. एवढी बाळं जन्मलेली नाहीत. अनेकांना आता सांगायला भीती वाटत नाही, ही त्यातली सुंदर बाजू. पण नव्याने सांगणारे शहरातले, शिकलेले असतील, तर सरासरी आपोआप वर जाते आणि वाळवंटातल्या मुलाचं काहीच न सुधारता ‘सुधारणा’ दिसते. बोगस आदिवासींचा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांनी वर्षानुवर्षं लढवला, त्यांना ही वेदना ओळखीची वाटेल. एवढं करूनही मोजणी अपुरी आहे ती आहेच: जनगणनेनंतरच्या पडताळणीत दिसलं की या समाजाची 17.4 टक्के माणसं मोजणीतून सुटली होती. ती धरून लोकसंख्येचा अंदाज 9,83,700 झाला.

मग इतकं मोजून काय झालं? मित्रांनो, खरं उत्तर कडू आहे. 2005 मध्ये सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा यांनी एका पिढीत आरोग्याची समानता आणायची हाक दिली. 2008 पासून ‘दरी मिटवा’ म्हणून राष्ट्रीय उद्दिष्टं आहेत, दरवर्षी अहवाल येतो. आज 19 उद्दिष्टं आहेत, आणि वाटेवर असलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील. प्रौढांचा तुरुंगवास, आईबापांपासून काढून घेतलेली मुलं, आत्महत्या, शाळेत येण्याआधीची मुलांची वाढ या चार ठिकाणी स्थिती उलट बिघडते आहे. देशाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेला हा समाज तुरुंगातल्या कैद्यांत दर तिघांमागे एक तरी आहे. 14 ऑक्टोबर 2023 ला, संसदेला सल्ला देणारा त्यांचा स्वतःचा आवाज घटनेत असावा का, असं सार्वमत घेतलं, तेव्हा साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्या रात्री मी सगळे आकडे जाणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांबरोबर बसले होते. कुणाला बोलवत नव्हतं.

आकडा दुखापतही करतो. 2007 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या मुलांच्या सुरक्षेवर एक चौकशी अहवाल आला. समाजाशी खरीखुरी चर्चा करूनच पावलं उचला, असा त्याचा पहिला आग्रह होता. सरकारने सैन्य पाठवलं आणि वंशभेदविरोधी कायदा त्या भागापुरता बाजूला ठेवला. अशा अनुभवांनंतर वस्तीत कुणी फॉर्म घेऊन आलं की दारं लागतात, यात नवल नाही. मॅगी वॉल्टर या पालावा समाजाच्या समाजशास्त्रज्ञ म्हणतात की आमच्याबद्दल गोळा होणारी माहिती सगळी एकाच साच्याची असते: आम्ही वेगळे, मागे, वंचित, बिघडलेले, उणे. त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ‘मायम नायरी विंगारा’ हा गट उभा केला. आमची माहिती आमच्या ताब्यात हवी, हे त्याचं म्हणणं. रे लोव्हेट यांच्या नेतृत्वाखालचा ‘मायी कुवायू’ हा दीर्घ अभ्यास 2018 मध्ये सुरू झाला. त्यात आजारांबरोबर हेही विचारतात की तुम्ही तुमच्या भूमीवर जाऊ शकता का, भाषा बोलता का, नातेवाईक जवळ आहेत का.

हे प्रश्न हळवे आहेत असं कुणाला वाटेल. ॲलिस स्प्रिंग्जला दोन वर्षं काम करताना माझा तो समज गेला. तिथून पाचशेहून जास्त किलोमीटरवर किंटोर नावाची पिंटुपी लोकांची वस्ती. मूत्रपिंड निकामी झालं की डायलिसिससाठी शहरात यायचं आणि तिथेच मरायचं, अशी गत होती. सरकारी तक्त्यात हे रुग्ण ‘उपचार मिळालेले’ होते. 2000 साली तिथल्या पापुन्या तुला चित्रकारांनी मोठी सामूहिक चित्रं काढली, सिडनीत त्यांचा लिलाव झाला, दहा लाख डॉलरहून जास्त जमले, आणि 2004 मध्ये किंटोरमध्येच यंत्र सुरू झालं. आज ‘पर्पल हाउस’ म्हणून ते काम अनेक वस्त्यांत पसरलं आहे. घरी मरण्याचा, नातवंडांना वाळू वाचायला शिकवण्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता. तो त्या लोकांनी स्वतः चित्र विकून भरला.

आपला आणि इथला एक थेट धागाही आहे. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ऑस्ट्रेलियातली लोविचा संस्था यांनी 23 देशांतल्या आदिम समाजांच्या आरोग्याचे आकडे एकत्र मांडले. प्रमुख लेखक होते इयन अँडरसन, स्वतः ॲबोरिजिनल डॉक्टर. भारतातल्या अनुसूचित जमातींचं आयुर्मान 63.9 आणि इतरांचं 67 वर्षं, हा त्यातला आकडा. 2018 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने आदिवासी आरोग्यावर अहवाल दिला, तेव्हा आपल्याच दहा कोटी माणसांच्या आयुष्याचा आकडा त्यांना याच अभ्यासातून घ्यावा लागला. त्याची मला लाज वाटते.

म्हणून मला विचाराल तर जात मोजा, जमात मोजा, विमुक्तांना आधी मोजा. पण गावाचा आकडा आधी गावाला द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी अभ्यासगट करून, हिशेब मांडून जंगलाचा हक्क मिळवला. त्या ग्रामसभांना आपल्या बाळांच्या वजनाचा तक्ता वाचता येणार नाही, असं समजणं हा अपमान आहे. आणि पाहणीबरोबर हत्यारांची पेटी न्या.

माझा धाकटा भाऊ धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. जनगणनेत तो प्रगणक असेलच. परवा फोनवर मी त्याला खिडकीवरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. सगळ्यांना एकाच शब्दांत विचार, उत्तर येईपर्यंत पेन उचलू नको, म्हटलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘ताई, विचारीन. पण फेब्रुवारीत गावात असेल कोण? दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. कोरकू माणूस परत येतो ते होळीला. मोजणी तर त्याच्या आधी संपते. मी कुलपं मोजू का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने मात्र एक काम सुरू केलं आहे. शाळेच्या जुन्या वहीत तो घरं लिहून घेतो आहे: घरात कोण कोण, दिवाळीनंतर कुठे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, लहान मूल बरोबर नेणार की आजीपाशी ठेवणार. संध्याकाळी माणसं शेतातून परतली की जातो. पहिल्या पानावर सतरा घरं झाली आहेत. त्याने मला पानाचा फोटो पाठवला; चार घरांपुढचा रकाना त्याने कोरा ठेवलाय, त्या घरी अजून कुणी भेटलेलं नाही.